भिडेखातर मागवलेली बिअर

डॉ. शिरीष उपासनीला सोमवारी सकाळी एक फोन करायचा होता आणि त्याआधी एका माणसाला ‘नाही’ म्हणायचं होतं. फोनची त्याला चिंता नव्हती.

फोन होता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, लोअर हट नावाच्या गावातल्या एका हॉस्पिटलला. ऑकलंडजवळच्या मनुरेवातल्या दारूच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्याखालचं पुस्तक काढून वाचत, दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला तो इथली डॉक्टरकीची परीक्षा पास झाला होता. जळगावात ज्याचं स्वतःचं प्रसूतिगृह होतं त्याला जानेवारीपासून सगळ्यांच्या हाताखालचा डॉक्टर म्हणून घ्यायला ते लोक तयार होते. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी त्याची बायको सुनेत्रा म्हणाली होती, “बरं झालं. आता जरा झोपू या.” आनंद व्हायला लागते तेवढी ताकद दोघांपैकी कुणातच उरली नव्हती.

आणि ‘नाही’ म्हणायचं होतं ते गुरुनाथला. गुरुनाथ म्हणजे सुनेत्राचा मोठा भाऊ, त्या दुकानाचा मालक.

मी विवेक, गुरुनाथच्या दुकानांचे हिशेब बघतो. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात, एका शनिवारी, स्टॉक मोजायला मी मनुरेवाच्या दुकानात होतो. म्हणून पुढचं सगळं माझ्यादेखत झालं. हिशेबनीस खोलीत असला की लोक त्याला कपाटासारखा धरून चालतात आणि वाट्टेल ते बोलतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

गुरुनाथ वाईट माणूस असता तर शिरीषचं काम सोपं होतं. पण तो वाईट नव्हता. विमानतळावर हे तिघं उतरले तेव्हा तो तीन स्वेटर घेऊन उभा होता, त्यांच्या लेकीच्या, ऋग्वेदाच्या, मापाचासुद्धा. पहिलं वर्ष त्यानं त्यांना स्वतःच्या घरात ठेवलं. शिरीषला गाडी शिकवली ती स्वतःच्या नव्या गाडीवर, आणि गाडी कुंपणाला घासली तेव्हा “कुंपणच पुढे आलं हो” म्हणाला. असे उपकार कुणी लिहून ठेवत नाही. लिहिले असते तर कधीतरी फिटले तरी असते.

त्यात शिरीष मुळचाच भिडस्त. शाळेत सॉसेज विकायला माणूस हवाय? शिरीषला सांगा. गणपतीचं मखर ठेवायला गॅरेज हवंय? शिरीषचं आहे. दोन वर्षं त्याच्या गाडीला गॅरेज नव्हतं, कारण ते मंडळाच्या थर्माकोलला होतं. तो कुणालाही नकार देत नसे. “बघू” म्हणे, आणि समोरचा ते “हो” समजून घरी जाई.

या स्वभावाचा मला माहीत असलेला सगळ्यात मोठा पुरावा दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतीला लावून रचलेला होता. फिनलंडची लापिन कुल्टा नावाची बिअर.

फिकट सोनेरी, हलकी, तिकडच्या अगदी उत्तरेकडची. कंपनी अठराशे त्र्याहत्तर सालची, म्हणजे बिअरच्या खानदानात काही खोट नाही. खोट होती ती पत्त्यात. मनुरेवात लोक ठरलेली ब्राउन बिअर घेतात, क्रेटनं घेतात आणि नाव वाचत बसत नाहीत. उत्तर ध्रुवाजवळच्या बिअरला इथे कोण पुसतो? सुनेत्रा तर ते नावही घेत नसे. “काय बाई नाव, आईशी फोनवर बोलताना तोंडातून गेलं तर ती देव पाण्यात घालून बसेल,” असं म्हणून ती तिला नुसतं ‘फिनलंड’ म्हणायची.

ती दुकानात आली कशी? तर आयनो नावाचा एक म्हातारा होता. उंच, वाळका, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. तरुणपणी फिनलंडहून इकडच्या कागदाच्या गिरणीत कामाला आलेला, निवृत्त होऊन मुलीजवळ मनुरेवात राहणारा. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा शिरीषनं, एक परदेशी दुसऱ्याला विचारतो तसं, विचारलं, “तुमच्याकडे कुठली बिअर पितात?” आयनोनं थोडा विचार करून सांगितलं, “लापिन कुल्टा. प्रसिद्ध आहे.”

झालं. शिरीषच्या डोक्यात बसलं, की या म्हाताऱ्याला गावाकडची बिअर हवीय, बिचारा तोंडानं मागत नाहीये. त्यानं ऑकलंडच्या एका आयातदाराला फोन केला. आयातदार म्हणाला, एक-दोन खोकी नाही जमणार, अख्खं पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेली सगळी रास, घ्यावं लागेल. इथे दुसऱ्या कुणी फोन ठेवून दिला असता. पण त्या माणसानं अर्धा तास बोलण्यात घालवला होता. इतकं बोलल्यावर नको कसं म्हणायचं? शिरीष म्हणाला, “बघू.” पुढच्या आठवड्यात पॅलेट दारात आलं.

तेव्हापासून आयनो दर शनिवारी येई, सहा बाटल्यांचं एक पुडकं घेई, मान हलवी आणि जाई. शिरीषला त्या मान हलवण्यात मायभूमी दिसे. मला त्यात नुसती मान दिसे, पण मी पडलो आकड्यांचा माणूस.

तर त्या शनिवारी दुपारी सुनेत्रा आणि ऋग्वेदा दुकानातच होत्या. सुनेत्रा इतर दिवशी पापाटोएटोएच्या एका केमिस्टकडे असे. बी.फार्म. होऊन ती तिथे गोळ्यांच्या डब्या भरायची. शनिवारी इथे येऊन बाटल्या पुसायची. त्या दिवशी ती एकच बाटली बराच वेळ पुसत होती.

“आज सांगणार आहेस ना?” तिनं शिरीषला विचारलं.

“सांगतो ना. आल्याबरोबर सांगतो.”

“आल्याबरोबर नको, जरा बसू दे त्याला.”

“मग बसल्यावर सांगतो.”

“शिरीष, मी सांगितलं तर भांडण होईल. तो म्हणेल, तूच फूस लावलीस. तुझ्या तोंडून गेलं पाहिजे.”

“डॅड, आर वी मूव्हिंग ऑर नॉट?” ऋग्वेदानं चिप्सच्या पाकिटातून मान वर न काढता विचारलं. “कॉझ आय हॅव टु टेल नेटबॉल.”

“बघू हं, बाळा,” शिरीष म्हणाला. माय-लेकींनी एकाच वेळी सुस्कारा सोडला.

गुरुनाथ आला तो हातात डबा घेऊन. “दमयंतीनं अळूवड्या दिल्यात. त्या सामोअन बाईच्या दुकानात आज पानं काय मिळाली आहेत, हत्तीच्या कानाएवढी! खा शिरीषराव, गरम आहेत.”

दमयंती वहिनींच्या अळूवड्या शिरीषला फार आवडायच्या आणि वहिनींना ते माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं होतं ते ‘दादा, एक बोलायचंय’ म्हणायला. त्यात वडी गेली. वडी तोंडात असताना कुणाच्या नोकरीचा राजीनामा देता येत नाही. एक संधी गेली.

दुसरी गेली ती गिऱ्हाइकांमुळे. शनिवारची चार पोरं क्रेट न्यायला आली. त्यांतल्या एकाचं, माओरीत नमस्कार करून, “किया ओरा डॉक, माझ्या बायकोचे पाय सुजलेत” सुरू झालं, आणि शिरीष त्याला आजच दवाखान्यात ने म्हणून समजावत दारापर्यंत गेला. तो परत आला तोवर गुरुनाथ स्टुलावर बसून स्वतःच बोलायला लागला होता.

“बरं, ऐका. तुम्ही दोघंही ऐका. विवेक, तूही ऐक, तुला पुढे हे हिशेबात लिहायचंच आहे. डिसेंबरपासून सुपरमार्केटात बिअर मिळणार. दूध, पाव आणि बिअर, एकाच ट्रॉलीत. आता छोट्या दुकानांनी काय करायचं? माझ्यासारखे लोक घाबरून दुकानं विकतायत. मी म्हटलं, आपण उलटं करायचं. पापाकुऱ्याचं दुकान स्वस्तात येतंय, घेऊन टाकू. दोन्ही शिरीषरावांनी बघायची. बाहेरचा माणूस मी ठेवणार नाही. घरचा माणूस तो घरचा माणूस.”

सुनेत्रानं शिरीषकडे पाहिलं. शिरीषनं अळूवडीकडे पाहिलं.

“म्हणजे दादा, तसं चांगलं आहे,” शिरीष म्हणाला, “पण म्हणजे… बघू या ना…”

“बघायचं काय त्यात? मी बघितलंय.” गुरुनाथ उठला. “सोमवारी सही करायला जायचंय. चल विवेक, मागचं दाखव. किती माल पडून आहे?”

मी शिरीषच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थकलेल्या माणसाला एक गोष्ट बरी जमते, वाहत्या पाण्याबरोबर जाणं. तो चालला होता. मला वाटलं, गेलं लोअर हट.

मागच्या खोलीत गुरुनाथनं फिनलंडची रास पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

“हे अजून आहे?”

“आहे,” मी म्हटलं. “तारीखही जवळ आलीये.”

“शिरीषराव!” तो तिथूनच ओरडला. “तुमचं प्रदर्शन कधी आवरणार? एका म्हाताऱ्यासाठी एवढं? माझ्या सासऱ्यांसाठी मी एवढं केलं नाही हो!”

शिरीष कसंनुसं हसला. “त्यांच्या गावाकडची आहे, दादा. दर आठवड्याला येतात बिचारे.”

आणि बिचारे आलेच. दाराची घंटा वाजली, मोजे आणि जँडल्स आत आले. आयनोनं नेहमीसारखी मान हलवली आणि पुडक्याकडे हात केला.

गुरुनाथ हाडाचा विक्रेता. तो हसत पुढे झाला. “वेलकम, सर! मी या दुकानाचा मालक. तुम्ही आमचे खास गिऱ्हाईक. तुमच्यासाठी खास भाव. मागे आहे तेवढं सगळं घेऊन जा, अर्ध्या किमतीत. मी स्वतः गाडीत ठेवून देतो.”

“नो,” आयनो म्हणाला.

त्या ‘नो’च्या पुढेमागे काही नव्हतं. सॉरी नव्हतं, थँक यू नव्हतं, घरी जागा नाही, मुलगी रागावते, डॉक्टरांनी मना केलंय, असं काही नव्हतं. आपल्याकडे नकाराला निदान दोन कारणं आणि एक चहा लागतो. गुरुनाथ कारणाची वाट बघत थांबला. कारण आलंच नाही.

“बरं, फुकट घ्या,” गुरुनाथ म्हणाला.

“नो. मला ती आवडत नाही.”

शिरीष गल्ल्यामागून पुढे आला.

“पण आयनो, तुम्ही दर शनिवारी… तुम्हीच सांगितलं होतं, लापिन कुल्टा.”

“तुम्ही विचारलं, आमच्याकडे कुठली पितात. मी परक्याला माहीत असेल अशी सांगितली.” आयनो सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत होता. “ती चांगली बिअर आहे. लोकांना आवडते. मी दक्षिणेकडचा. आम्ही दुसरी पितो.”

“मग दोन वर्षं घेतलीत का?”

म्हाताऱ्यानं शिरीषकडे असं पाहिलं, की हा डॉक्टर असून असं काय विचारतो. “तुम्ही माझ्यासाठी मागवली होती.”

सुनेत्रानं हातातली बाटली खाली ठेवली. “आणि तिचं करता काय मग?” तिनं विचारलं. बाईमाणूस, तिला व्यवहार आधी सुचला.

“बागेत. बशीत ओतून ठेवतो. रात्री गोगलगायी येतात, पितात, मरतात. लेट्यूस वाचतो.” त्यानं न्याय म्हणून भर घातली, “गोगलगायींना फार आवडते.” मग गुरुनाथकडे वळून, “आठवड्याला एक पुडकं चालतं. सगळं नको. इतक्या गोगलगायी नाहीत.”

ऋग्वेदा चिप्स सांडून हसली. गुरुनाथ तर स्टुलावर बसून डोळे पुसायला लागला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. आयनोनं त्याचं नेहमीचं पुडकं उचललं, ठरलेले पैसे गल्ल्यावर ठेवले आणि तो दाराकडे निघाला. म्हणजे या सगळ्यानंतरही त्यानं शनिवारचं पुडकं घेतलंच. तेवढी भीड फिनलंडातही असावी.

शिरीष मात्र हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. दोन वर्षं दोन सभ्य माणसं एकमेकांवर उपकार करत होती आणि मरत होत्या गोगलगायी.

“बघितलंत, शिरीषराव?” गुरुनाथ अजून हसत होता. “याला म्हणतात नकार. शिका, शिका जरा! दोन दुकानं सांभाळायची म्हणजे नाही म्हणता आलं पाहिजे. सेल्समनला नाही, उधार मागणाऱ्याला नाही, मंडळाच्या थर्माकोलला नाही. म्हणा बघू एकदा.”

“नाही,” शिरीष म्हणाला.

“हां! अस्सं. जरा मोठ्यानं.”

“नाही, दादा. तुम्हाला म्हणतोय.”

गुरुनाथचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर थोडा वेळ राहिलं, पाहुणे गेल्यावर दिवा राहून जातो तसं. “मला काय?”

“दुकान नाही. पापाकुऱ्याचंही नाही आणि हेही नाही. जानेवारीपासून.”

“का बरं?”

“का ते विचारू नका.” शिरीषनं गल्ल्याची कड धरली होती. “विचारलंत तर मी सांगायला लागेन, आणि सांगता सांगता हो म्हणून बसेन. तुम्हाला माहीत आहे मी कसा आहे. म्हणून नाही. एवढंच.”

मला वाटलं, आता बसेल. जन्मात पहिल्यांदा एवढं मोठं ओझं उचललं होतं. पण तो उभाच राहिला.

गुरुनाथ बहिणीकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“काय आहे? जळगावला परत चाललात?”

“लोअर हटला. हॉस्पिटलात घेतलंय त्याला. पास झाला तो, दादा.”

“पास झाला!” गुरुनाथ ओरडला. “कधी? आणि मला सांगितलं नाही? पेढे नाहीत, काही नाही? मी पापाकुऱ्याच्या मालकाशी हात मिळवून आलोय आणि तुम्ही… अगं, मी अडवलं असतं का? मीच म्हटलं असतं, जा!”

म्हटलं असतं का? म्हटलं असतं. इतकी वर्षं मी गुरुनाथचा हिशेब बघतोय, तो शब्द मोडत नाही. म्हणाला असता, जा, जरूर जा, फक्त नवीन दुकान जरा मार्गी लागू दे. आणि मार्गी लागायला दोन वर्षं लागली असती, आणि ती दोन्ही शिरीषनं दिली असती. हे त्या दुकानात आम्हा चौघा मोठ्यांना ठाऊक होतं.

“अभिनंदन,” गुरुनाथ शेवटी शिरीषला म्हणाला. हात पुढे केला, शिरीषनं तो धरला, आणि दोघंही तो लवकर सोडायच्या घाईत होते. मग गुरुनाथ गाडीकडे गेला. डबा न्यायचा विसरला. सुनेत्रा तो घेऊन धावली, पण गाडी सिग्नलच्या पुढे गेली होती.

माझी मोजणी अर्धीच राहिली होती, म्हणून सोमवारी सकाळी मी पुन्हा दुकानात गेलो. रविवारी गुरुनाथचा फोन आला नव्हता. दमयंती वहिनींचा आला होता. त्या फक्त डब्याबद्दल बोलल्या होत्या. सुनेत्रानं केमिस्टकडे सुट्टी सांगितली होती आणि शिरीष फोनजवळ उभा होता.

फोन लागला. तो नीट बोलला. हो, मी येतोय. हो, धन्यवाद. मग पलीकडची बाई काहीतरी बोलली आणि तो ऐकत राहिला. हॉस्पिटलात माणसं कमी होती. नाताळच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. जानेवारीऐवजी डिसेंबरच्या मध्यालाच येता येईल का, असं ती विचारत होती. फार अडचण नसेल तर.

शिरीषनं सुनेत्राकडे पाहिलं. डिसेंबरच्या मध्याला म्हणजे नाताळच्या आधी, दारूच्या दुकानाचा वर्षाचा सगळ्यात मोठा हंगाम गुरुनाथच्या एकट्याच्या गळ्यात टाकून. सुनेत्रानं डोळ्यांनीच नको म्हटलं. शिरीषनं डोळे मिटून घेतले.

“शुअर,” तो म्हणाला. “नो प्रॉब्लेम.”

रिसीव्हर ठेवून तो गल्ल्यामागच्या खुर्चीत बसला. “ती फार चांगलं बोलत होती गं,” तो म्हणाला.

चिडायलाही माणूस आधी ताजातवाना लागतो. सुनेत्रानं रिसीव्हर उचलला आणि भावाचा नंबर फिरवला. मी मागच्या खोलीत जाऊन मोजायला लागलो. मोजायचं बरंच होतं, पण कान तिकडेच होते.

“दादा, मी बोलतेय,” ती म्हणाली. “नाही, डब्यासाठी नाही. आम्हाला डिसेंबरातच जावं लागतंय.”

मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत उभी राहिली. मधेच एकदा “हो” म्हणाली, एकदा “कळतंय मला” म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं शिरीषला खूण केली, की दारावरची पाटी उलटी कर, दुकान उघडायची वेळ झाली.